ऑपरेटिंग सिस्टीममध्ये होल सापडलं तर सांगायचं कोणाला, आणि गप्प बसायचं तरी किती दिवस?

वाघूरकाठ
नमस्कार मंडळी. मी जळगाव जिल्ह्यातल्या एका डिप्लोमा कॉलेजात लॅब असिस्टंट आहे. मागच्या आठवड्यात प्रॅक्टिकलच्या आधी मशीन तयार करत होतो तेव्हा एक गोष्ट लक्षात आली आणि तेव्हापासून झोप नीट लागत नाहीये. आमच्या लॅबला ४० कॉम्प्युटर, सगळ्यांवर लिनक्स, एकच डिस्ट्रो (म्हणजे लिनक्सचा तयार संच), नाव मुद्दाम देत नाही. तर विद्यार्थ्याच्या साध्या लॉगिनवरून, पासवर्ड न टाकता, रूट होता येतं. म्हणजे अख्खं मशीन हातात. कसं ते थोडक्यात सांगतो, बॅकग्राउंडला एक सर्व्हिस चालू असते, ती

[इथल्या चार ओळी काढल्या आहेत, कारण खाली प्रतिसादात दिलंय. – सातपुडा, संपादक]

तीन वेगवेगळ्या मशीनवर करून बघितलं, तिन्हीवर झालं. नेटवर शोधलं, याबद्दल कुठे काही सापडलं नाही. आता मला कळत नाही की हे कळवायचं कोणाला, डिस्ट्रोवाल्यांना का सरकारला का आधी आमच्या प्राचार्यांना. कळवल्यावर ते दुरुस्त करेपर्यंत मी किती दिवस तोंड बंद ठेवायचं? आणि सगळ्यात जास्त टोचतंय ते हे की भुसावळ, फैजपूर, अमळनेर इकडच्या दोन-तीन लॅबमध्ये माझेच मित्र आहेत, त्यांच्याकडे पण हीच डिस्ट्रो आहे, मीच त्यांना टाकून दिली होती पेनड्राइव्हवरून. त्यांना सांगायचं का नाही? शेजारच्या घराला आतून कडी नाही हे आपल्याला माहीत आणि आपण रोज त्याच्या ओट्यावर बसून चहा प्यायचा, असं वाटतंय.

शेवभाजी_तिखट
अरे वा भो, एक नंबर! माझं मत सरळ आहे. पूर्ण माहिती, कोडसकट, सोशल मीडियावर टाकून दे. आठवतं का, २८ नोव्हेंबर २०१७ ला तुर्कस्तानातल्या एका डेव्हलपरने ट्विट केलं होतं की मॅकच्या हाय सिएरामध्ये युजरनेम रूट टाका, पासवर्ड रिकामा ठेवा, दोनचारदा बटण दाबा, आत जाता. दुसऱ्या दिवशी, २९ ला ॲपलने अपडेट काढलं. एका दिवसात! गुपचूप मेल केला असता तर महिनोन्‌महिने लागले असते.

सातपुडा
वाघूरकाठ, तुमच्या लेखातल्या चार ओळी मी काढल्या. सर्व्हिसचं नाव आणि ती फाईल कुठे लिहिते ते त्यात होतं, जाणकार माणसाला तेवढं पुरे. धाग्यावर तोवर काही जण येऊन गेले होते. ज्यांनी वाचलं असेल त्यांना हात जोडून विनंती, ते पुढे पाठवू नका आणि इथे त्यावर अंदाज बांधू नका. बाकी चर्चा मोकळेपणाने करा, विषय महत्त्वाचा आहे.

आबा_जिनिंगवाले
भाऊ, हाई बठ्ठं उघडामा कसाले लिखं तू? आधी घरधनीले सांग ना.

कळण्याची_भाकरी
मी मूळची चोपड्याची, बारा वर्षं पुण्यात सिक्युरिटीचं काम करते. सातपुडा यांनी वेळेवर केलं, त्यांचे आभार.

वाघूरकाठ भाऊ, तुमची चूक झाली म्हणून रागावत नाहीये, कारण याहून मोठ्या जाणकारांकडून हेच झालंय. जून २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या प्रिंट स्पूलरमधली, म्हणजे छपाई सांभाळणाऱ्या सर्व्हिसमधली, एक त्रुटी दुरुस्त केली. काही संशोधकांना वाटलं की आपल्याला सापडलेली ती हीच, आता दुरुस्त झालीये, मग टाकू या कोड. टाकला. निघाली वेगळीच, आणि तिला पॅच, म्हणजे दुरुस्तीचं अपडेट, नव्हता. त्यांनी कोड लगेच मागे घेतला पण तोवर लोकांनी कॉपी करून घेतला होता. तेच प्रिंटनाइटमेअर. मायक्रोसॉफ्ट एरवी महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी पॅच काढते, त्याची वाट न बघता त्यांना ६ जुलैपासून तातडीचे पॅच काढावे लागले. म्हणजे वाईट हेतू कोणाचाच नव्हता, फक्त आपण जे सांगतोय ते आधीच दुरुस्त झालंय का एवढं खात्रीने बघायचं राहून गेलं.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाचं. सगळ्यात आधी डिस्ट्रोची सिक्युरिटी टीम. जवळपास प्रत्येक मोठ्या डिस्ट्रोचं वेगळं सिक्युरिटी पान असतं, त्यावर मेल पत्ता आणि मेल एन्क्रिप्ट (म्हणजे कुलूपबंद) करायची चावी असते. साध्या बग ट्रॅकरवर, म्हणजे चुका नोंदवायच्या यादीत, टाकू नका, तो सगळ्यांना दिसतो. मेलमध्ये काय लिहायचं तर नेमकं व्हर्जन, कोणत्या पॅकेजमध्ये, नवीन इन्स्टॉल केल्यावर पहिल्यापासून काय काय केलं की होतं, त्याचा परिणाम काय, आणि तुम्ही हे अजून कोणाला सांगितलंय. शेवटचं लपवू नका. इथे चार ओळी काही वेळ उघड्या होत्या हे त्यांना स्पष्ट लिहा, कारण त्यावरून ते घाई किती करायची ते ठरवतात.

केळीवेफर
+१ कळण्याची_भाकरी. आणि मेलचा विषय 'अर्जंट हॅक!!!' असा नको. तसले मेल न उघडताच डिलीट होतात.

शेवभाजी_तिखट
ताई, तुमचा मुद्दा कळला. तरी मी माझ्या मतावर आहे. इतिहास बघा ना. ऐंशीच्या-नव्वदच्या दशकात लोक गपचूप कळवायचेच. कंपन्या काय करायच्या? वर्षभर उत्तर नाही, नाहीतर 'हे फक्त कागदावर शक्य आहे' असं सांगून मोकळ्या. म्हणून तर १९९३ मध्ये बगट्रॅक नावाची मेलिंग लिस्ट सुरू झाली आणि लोक उघडपणे सगळं टाकायला लागले, आणि तेव्हा कुठे कंपन्यांनी सिक्युरिटीसाठी माणसं ठेवली. आज ज्या सिक्युरिटी टीमला तुम्ही मेल करायला सांगताय ती टीमच लोकांनी उघड बोलल्यामुळे जन्मली. हे विसरून कसं चालेल?

शहादेकर
शेवभाजी भाऊ, इतिहास बरोबर आहे. पण तुम्ही मॅकचं उदाहरण दिलं तिथे ॲपल एका बटणावर सगळ्यांना अपडेट पाठवते. आपल्याकडे काय? मी इकडे शहादा-नंदुरबार पट्ट्यात शाळा, पतसंस्था, दवाखाने यांचे कॉम्प्युटर बघतो. पॅच निघाला म्हणजे पॅच बसला असं नसतं हो.

वॉनाक्राय हल्ल्याचं बघा. विंडोजमधलं ते होल अमेरिकेच्या एनएसए या गुप्तहेर संस्थेला माहीत होतं, त्यांनी ते आपल्या कामासाठी वापरायला दाबून ठेवलं. मायक्रोसॉफ्टने पॅच दिला १४ मार्च २०१७ ला. एनएसएचं चोरीला गेलेलं हत्यार शॅडो ब्रोकर्स नावाच्या टोळीने १४ एप्रिलला उघडं टाकलं. वॉनाक्राय सुटला १२ मे ला. पॅच येऊन ५९ दिवस झाले होते! तरी दीडशे देशांत दोन लाखांवर मशीन बंद पडल्या, इंग्लंडचे दवाखाने ठप्प झाले. मग जून संपता संपता नॉटपेट्या आला, तोही त्याच होलचा फायदा घेणारा, आणि त्याने न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल बंद पाडलं. आपल्या रावेर-यावलची केळी आखातात जाते ती त्याच बंदरातून. म्हणजे कुठल्यातरी ऑफिसात दाबून ठेवलेल्या एका होलची झळ तापीकाठच्या मळ्यापासून फार लांब नव्हती.

तर माझं म्हणणं एवढंच, की 'उघड करा, लगेच दुरुस्त होतं' हे ज्याचं मशीन लगेच अपडेट होतं त्याच्यासाठी खरं. गावातल्या शाळेच्या कॉम्प्युटरला नेट महिन्यातून एकदा, तेही सरांच्या मोबाईलचं. त्याचा विचार कोण करणार?

शेवभाजी_तिखट
शहादेकर भाऊ, पण तुमच्याच उदाहरणात दाबून ठेवल्यामुळे घात झाला ना? एनएसएने आधीच मायक्रोसॉफ्टला सांगितलं असतं तर?

शहादेकर
हो, त्यावर शंभर टक्के एकमत. दाबून ठेवणं सगळ्यात वाईट. मी कळवू नका म्हणत नाहीये, चौकात कळवू नका म्हणतोय.

कायदा_बघा_धुळे
मी वकील आहे, धुळ्याला. मूळ लेखातलं एक वाक्य कोणी धरलं नाही, मला तेच आधी खटकलं. 'तीन वेगवेगळ्या मशीनवर करून बघितलं.' ही मशीन कोणाची? कॉलेजची असतील तर परवानगी कोणाची घेतली?

आयटी ॲक्ट २००० चं कलम ४३ बघा. मालकाच्या किंवा ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या परवानगीशिवाय सिस्टीममध्ये शिरणं त्यात येतं आणि नुकसानभरपाई मागता येते. हेच काम अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केलं तर कलम ६६ लागतं, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तुमचा हेतू चांगला आहे हे दिसतंय, तेव्हा ६६ चा प्रश्न येईल असं मला वाटत नाही. पण 'मी चांगल्या हेतूने केलं' म्हणणाऱ्याला वेगळं संरक्षण देणारं कलम या कायद्यात नाही, हे प्रत्येक पोराने लक्षात ठेवावं. स्वतःच्या लॅपटॉपवर, स्वतः टाकलेल्या सिस्टीमवर काय करायचं ते करा. दुसऱ्याच्या मशीनवर लेखी परवानगी.

आणि प्राचार्यांना आधी सांगा. त्यांना दुसरीकडून कळलं तर तुम्ही कितीही खरं बोललात तरी उशीर झालेला असेल.

वाघूरकाठ
वकीलसाहेब, हात गार पडले वाचून. मशीन कॉलेजच्याच. त्यांची देखभाल माझ्याकडेच आहे, रूटचा पासवर्ड पण माझ्याकडेच असतो, म्हणून डोक्यातच आलं नाही. लेखी काही नाही. उद्याच एचओडी सरांना सांगतो आणि घरच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीनमध्ये (लॅपटॉपच्या आत चालणारा वेगळा कॉम्प्युटरच म्हणा) नवीन इन्स्टॉल करून परत बघतो.

कायदा_बघा_धुळे
तुम्हीच तिथले ॲडमिन असाल तर गोष्ट बरीच सोपी आहे, घाबरू नका. तरी सरांना एक साधा अर्ज द्या, 'लॅबमध्ये अशी त्रुटी आढळली, कळवत आहे, तपासणी करण्यास परवानगी असावी.' पोच घ्या.

केळीवेफर
परवानगीवरून आठवलं. पाच-सहा वर्षांपूर्वी मी एका पतसंस्थेत क्लार्क होतो. तिथल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्या शाखेच्या खात्यांची माहिती दिसायची, फक्त एक नंबर बदलला की. मी काही शोधायला गेलो नव्हतो, चुकून आकडा टाकला. सॉफ्टवेअरवाल्या कंपनीला फोन केला, साधेपणाने सांगितलं. त्यांनी काय करावं? आमच्या चेअरमनला फोन करून सांगितलं की तुमचा माणूस डेटा चोरतोय, पोलिसात द्यावं लागेल. दोन महिने माझ्यामागे चौकशी. वडील विचारायचे, असं काय केलं रे तू. शेवटी काही निघालं नाही, पण मी ती नोकरी सोडली. आणि ते होल पुढचं वर्षभर तसंच होतं, तिथल्या मित्राने सांगितलं.

म्हणून शेवभाजी भाऊंचा राग मला समजतो. कळवणाऱ्यालाच चोर ठरवलं की पुढचा माणूस कळवत नाही. तो गप्प बसतो नाहीतर चौकात ओरडतो.

भुसावळ_यार्ड
केळीवेफर, वाचून वाईट वाटलं दादा. असं झालेली अजून दोन माणसं मला माहीत आहेत.

कळण्याची_भाकरी
केळीवेफर दादा, तुमच्यासारख्या वेळी मध्ये एक तिसरा माणूस हवा असतो. १९८८ मध्ये मॉरिस वर्म या आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रॅमने तेव्हाच्या इंटरनेटचा मोठा भाग आडवा केला, आणि कोणाला फोन करायचा हेच कोणाला माहीत नव्हतं, त्यातूनच अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात पहिलं सर्ट, म्हणजे अशा वेळी धावून जाणारी टीम, निघालं. आपल्याकडे सरकारचं सर्ट-इन २००४ पासून आहे, नंतर ते आयटी ॲक्टच्या ७०बी कलमाखाली आलं. त्यांच्या संकेतस्थळावर त्रुटी कळवण्याचा फॉर्म आहे, ते कंपनीशी बोलतात, आणि २०२१ पासून ते स्वतः सीव्हीई नंबरही (त्रुटीचा जगभर चालणारा ओळख क्रमांक) देऊ शकतात. कंपनी तुमचं ऐकत नसेल किंवा धमकावत असेल तर सरळ त्यांच्याकडे जा. तुम्ही एकटे नाही एवढं तरी कागदावर येतं.

भुसावळ_यार्ड
ताई, ते सहा तासांत कळवायचा नियम आहे ना सर्ट-इनचा? मग वाघूरकाठचे सहा तास कधीच उलटून गेले.

कायदा_बघा_धुळे
तो नियम २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांमधला, आणि तो सायबर घटनेसाठी आहे, म्हणजे हल्ला झाला, डेटा गेला, कोणी घुसलं. त्रुटी सापडली म्हणजे घटना घडली असं नाही. वाघूरकाठ, त्याची काळजी करू नका.

पाटणादेवी
एक वेगळी शंका. आधी गुपचूप कळवायचं आणि मग उघड करायचं याला 'रिस्पॉन्सिबल डिस्क्लोजर' (जबाबदारीने उघड करणे) म्हणतात, त्या नावातच गडबड नाही का? जो शोधतो त्यानेच जबाबदारीने वागायचं. ज्याने चुकीचं सॉफ्टवेअर विकलं त्याची जबाबदारी कुठे गेली?

कळण्याची_भाकरी
पाटणादेवी, हा वाद जुना आहे आणि तुमची बाजू बऱ्यापैकी जिंकलीये. २०१० मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टनेच तो शब्द सोडून 'कोऑर्डिनेटेड' (समन्वयाने) म्हणायला सुरुवात केली. आता बहुतेक ठिकाणी तोच शब्द.

पाटणादेवी
मग मराठीत 'संगनमताने उघड करणे' म्हणावं का? :)

कायदा_बघा_धुळे
संगनमत नको हो, एफआयआरचा वास येतो त्याला! 'मिळून उघड करणे' चालेल.

शेवभाजी_तिखट
'मिळून उघड करणे' आवडलं. पण मिळून म्हणजे किती दिवस मिळून, हा मूळ प्रश्न राहिलाच. वाघूरकाठने विचारलंय तोंड बंद किती दिवस.

कळण्याची_भाकरी
याचं एकच उत्तर नाही, ज्याची त्याची पद्धत आहे. कार्नेगी मेलनचं सर्ट ४५ दिवस म्हणतं. गुगलने २०१४ मध्ये प्रोजेक्ट झिरो ही त्रुटी शोधणारी टीम काढली, ते ९० दिवस देतात, आणि जे होल हल्लेखोर आधीच वापरतायत त्याला फक्त ७. २०२१ पासून त्यांनी भर घातली की ९० दिवसांत पॅच आला तर तांत्रिक तपशील अजून ३० दिवस थांबवून मग सांगायचे, म्हणजे शहादेकर दादा म्हणतात तसं लोकांना पॅच बसवायला वेळ मिळतो. हे लोक मुदतीचे पक्के आहेत. जानेवारी २०१५ मध्ये त्यांनी विंडोज ८.१ ची एक त्रुटी मायक्रोसॉफ्टच्या ठरलेल्या मंगळवारच्या दोनच दिवस आधी उघड केली, मायक्रोसॉफ्टने थांबायची विनंती केली होती तरी. तेव्हा मला ते हट्टीपणाचं वाटलं होतं. आता वाटतं की मुदत एकदा वाकवली की दर वेळी वाकवावी लागते.

लिनक्समध्ये उलट आहे, तिथे मुदत फार छोटी. सगळ्या डिस्ट्रोंची मिळून एक बंद यादी आहे, तिथे गोष्ट गेली की जास्तीत जास्त १४ दिवस गुप्त ठेवता येते, मग उघड करावीच लागते. पीकेएक्झेक या प्रोग्रॅममधलं पॉनकिट नावाचं होल आठवत असेल, तुमच्यासारखंच, साध्या युजरवरून रूट. क्वालिस कंपनीने शोधलं, त्यांचं मोठं ऑफिस इथे पुण्यात आहे. कळवलं १८ नोव्हेंबर २०२१ ला, डिस्ट्रोंच्या यादीत गेलं ११ जानेवारीला, जाहीर झालं २५ जानेवारी २०२२ ला. मोजा, बरोबर १४ दिवस. आणि ते होल २००९ पासून, म्हणजे त्या प्रोग्रॅमच्या पहिल्या व्हर्जनपासून तिथेच होतं! बारा वर्षं सगळ्यांच्या डोळ्यासमोर.

भुसावळ_यार्ड
बारा वर्षं!! मग त्या बारा वर्षांत वाईट लोकांना सापडलं नसेल कशावरून?

शहादेकर
हाच खरा प्रश्न आहे. आपल्याला सापडलं म्हणजे फक्त आपल्यालाच सापडलं असं धरून चालणं चूक.

वाघूरकाठ
मंडळी, सगळं वाचतोय. सरांना सांगितलं, अर्ज दिला, पोच घेतली. सर आधी चिडले मग शांत झाले, म्हणाले परीक्षेच्या आधी मिटव. घरी व्हर्च्युअल मशीनवर पण झालं, अगदी ताज्या इन्स्टॉलवर. रात्री डिस्ट्रोच्या सिक्युरिटी टीमला मेल केला, एन्क्रिप्ट करायला तीन तास लागले पण केला. मात्र मित्रांचं अजून कोणी सांगितलं नाही. ते काय करू?

पाटणादेवी
माझ्या मते सांगावं. पेनड्राइव्ह तुम्हीच दिला होता. उद्या तिथल्या पोराने मार्क बदलले तर तुम्ही कोणत्या तोंडाने भेटणार?

कळण्याची_भाकरी
इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. जवळच्या माणसाला आधी सांगायचा मोह सगळ्यांना होतो, मोठ्या कंपन्यांना पण. मेल्टडाउन-स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या त्रुटींच्या वेळी काय झालं? प्रोसेसर कंपन्यांना १ जून २०१७ ला कळवलं, जाहीर करायची तारीख ठरली ९ जानेवारी २०१८. सात महिने ठराविक मोठ्या लोकांनाच माहीत. ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमवाल्यांना सांगितलंच नाही, फ्रीबीएसडी या दुसऱ्या सिस्टीमवाल्यांना अगदी शेवटी. आणि एवढं करूनही लिनक्सच्या कर्नेलमधले (गाभ्यातले) बदल उघडपणे दिसत होते, त्यावरून लोकांनी ताडलं आणि ३ जानेवारीलाच सगळं फुटलं. ज्यांना सांगितलं नव्हतं ते उघडे पडले. म्हणजे यादी जेवढी मोठी तेवढी फुटण्याची भीती, आणि यादी छोटी ठेवली तर बाहेरच्यावर अन्याय. यातून स्वच्छ वाट मला आजवर सापडलेली नाही.

आबा_जिनिंगवाले
मी कॉम्प्युटरमधला माणूस नाही, माझा कापसाचा धंदा. तरी बोलू का? पूर्वी आमच्या गावात एकच लोहार होता, सगळ्या घरांचे कडी-कोयंडे त्यानेच केलेले. समजा एखाद्याला कळलं की त्याची कडी बाहेरून काडी घालून निघते. आता लोहाराला आधी सांगायचं, बरोबर, कारण नवी कडी तोच देणार. पण तोवर शेजाऱ्याला 'कडी निघते' हे सांगायची गरज नाही, 'रात्री दाराला आतून खाट लाव' एवढं सांगितलं तरी पुरतं. का लाव ते नंतर सांगता येतं. आपल्यावर विश्वास असला तर तो लावतो.

कळण्याची_भाकरी
आबा, तुमच्या उत्तराने मीच अडले होते ते सुटलं. वाघूरकाठ, आबा म्हणतात तेच करा. ती सर्व्हिस लॅबसाठी गरजेची नसेल तर आधी स्वतःकडे बंद करा, आणि मित्रांना म्हणा की आपण लॅबच्या मशीन जरा आवळतोय, या पाच-सहा नको असलेल्या सर्व्हिस बंद करा. पाच-सहामध्ये ती एक असू दे. खोटं काही नाही त्यात, नको असलेल्या सर्व्हिस बंद ठेवाव्यातच. आणि टीमचं उत्तर आलं की त्यांनाही विचारा, तात्पुरता उपाय ते स्वतःच सांगतात बऱ्याचदा.

शेवभाजी_तिखट
आबांना सलाम. मी माझं मत अर्धं बदललं. कळवा, पण कळवताना पहिल्याच मेलमध्ये तारीख टाका, अमुक दिवसानंतर मी बोलणार. तारीख नसेल तर ते गप्प बसतात यावर मी ठाम आहे.

केळीवेफर
तारीख टाकावी, पण शब्द जपून हो. 'अमुक द्या नाहीतर उघड करीन' असं वाचणाऱ्याला वाटलं तर ती खंडणी होते. पैशाचा विषय पहिल्या मेलमध्ये काढूच नये.

भुसावळ_यार्ड
पण बाउंटी, म्हणजे त्रुटी कळवल्याचं बक्षीस, मिळते ना? ॲपलने २०१९ मध्ये दहा लाख डॉलरपर्यंत जाहीर केली होती.

कळण्याची_भाकरी
मिळते, जिथे कार्यक्रम जाहीर केलेला असतो तिथे, आणि तो सर्वात वरचा आकडा अगदी दुर्मिळ त्रुटीसाठी. लोकवर्गणीवर चालणाऱ्या डिस्ट्रोकडून अपेक्षा ठेवू नका. नाव मात्र देतात, आणि पोरांनो, नोकरीच्या मुलाखतीत त्या नावाला वजन असतं हे मी मुलाखती घेणारी म्हणून सांगते.

वाघूरकाठ
(तीन आठवड्यांनी) धागा वर काढतोय, कारण काल अपडेट आलं आणि आता बोलायला मोकळा आहे.

मेलला दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं होतं. फार नम्र उत्तर. लिहिलं होतं की तुम्ही कळवलेलं बरोबर आहे, पण हेच होल दुसऱ्या एकाने नऊ दिवस आधी कळवलंय, काम चालू आहे. खरं सांगतो, आधी मन खट्टू झालं. मग शहादेकर भाऊंचं वाक्य आठवलं आणि अंगावर काटा आला. एकाच महिन्यात दोन अनोळखी माणसांना सापडलं, मग तिसरा पण असेलच की, आणि तो मेल करणाराच असेल कशावरून? मी सहा महिने गप्प बसलो असतो तर? इथल्या चार ओळींबद्दल पण मी प्रामाणिकपणे सांगितलं होतं. त्यांनी तारीख आठवडाभर अलीकडे घेतली, कारण काय ते लिहिलं नाही पण मला वाटतं त्याचाही हात असावा. सातपुडा, तुम्ही त्या रात्री जागे होतात म्हणून बरं.

तात्पुरता उपाय त्यांनी तोच सांगितला, सर्व्हिस बंद ठेवा. मित्रांकडे आबांच्या पद्धतीने आधीच बंद करून घेतली होती. फैजपूरच्याने विचारलं का रे एवढं, मी म्हटलं नंतर सांगतो, त्याने दुसरं काही विचारलं नाही. काल त्याला फोन करून सगळं सांगितलं. जाहीर झालेल्या सूचनेत पहिल्या माणसाचं नाव आहे आणि खाली 'स्वतंत्रपणे कळवलं' म्हणून माझंही आहे. सरांनी प्रिंट काढून नोटीस बोर्डावर लावली.

शेवभाजी_तिखट
भो!!! जळगावला आलो की पार्टी पक्की.

कळण्याची_भाकरी
फार फार आनंद झाला. आणि आता दुसरं काम सुरू होतं, अपडेट बसवायचं. पॅच जाहीर झाला की तो उलगडून होल शोधणारे लगेच कामाला लागतात. किती मशीन झाल्या?

वाघूरकाठ
४० पैकी ३४. सहा मशीन दुसऱ्या खोलीत आहेत, तिची चावी शिपाई काकांकडे, ते लग्नाला अमळनेरला गेलेत, सोमवारी येतील. त्या सहांचे प्लग काढून ठेवायला सांगितलेत. मित्रांसाठी अपडेटची पॅकेजेस पेनड्राइव्हवर घेतलीत, उद्या भुसावळ आणि फैजपूर करून येतो.

शहादेकर
पेनड्राइव्हवर घेतलं ते उत्तम. फक्त कॉपी केल्यावर पॅकेजची डिजिटल सही, म्हणजे ते खरंच डिस्ट्रोचंच आहे ना, तपासून घ्या, घाईत ते राहतं.

आबा_जिनिंगवाले
वाघूरकाठ भाऊ, एक विचारू? माझ्या जिनिंगमध्ये वजनकाट्याला जो कॉम्प्युटर आहे तो विंडोज एक्सपी. काट्याचं सॉफ्टवेअर दुसऱ्यावर चालत नाही म्हणतात. त्याला पण असं काही लागतं का?

शहादेकर
आबा, एक्सपीला ८ एप्रिल २०१४ नंतर नियमित अपडेट बंद झालेत. वॉनाक्रायच्या वेळी आणि २०१९ मध्ये ब्लूकीप नावाच्या होलच्या वेळी मायक्रोसॉफ्टने अपवाद करून एक्सपीला पॅच दिले, ते तुमच्याकडे बसलेत का बघावं लागेल. त्याला नेटची वायर जोडलेली आहे का?

आबा_जिनिंगवाले
आहे. पोरगा त्यावर भाव बघतो.

शहादेकर
आबा, आज रात्रीच ती वायर काढा. भाव मोबाईलवर बघायला सांगा पोराला.

वाघूरकाठ
आबा, मी रविवारी येतो तुमच्याकडे. ते दोन्ही पॅच घेऊन येतो, आणि काट्याच्या सॉफ्टवेअरचा, डेटाचा बॅकअप पण काढू.

आबा_जिनिंगवाले
ये भाऊ. वायर काढेल शे. सकाळीच ये, भरीत-भाकरी खाईसन जाय.